भिंतीवरच्या तीन फुल्या

ही गोष्ट मी नऊ वर्षं टाळत आलो. विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचं, नाहीतर बातम्यांचा आवाज वाढवायचा, हे मला चांगलं जमलं होतं. आता घरात ज्याच्यापासून उठून जावं असं कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

माझ्या बायकोचा उजवा डोळा गेला. तिने त्रास लपवला, अंगावर काढला, वेळेवर सांगितलं असतं तर डोळा वाचला असता, असं आमच्या नात्यागोत्यात सगळे मानतात. माझी मुलगी मानते. सोसायटीत मानतात. हे खोटं आहे. तिने सांगितलं होतं. मलाच सांगितलं होतं. नऊ दिवसांत चार वेळा. त्या चारही वेळा मी काय केलं ते इथे क्रमाने लिहितो.

क्रमाने लिहिणं हीच माझी नोकरी होती. अंधेरीच्या एका कारखान्यात मी पस्तीस वर्षं तपासनीस होतो. पितळेचे व्हॉल्व्ह बनायचे. प्रत्येक नग माझ्या टेबलावर यायचा आणि मी तो पास करायचो, नाहीतर लाल खडूने फुली मारून बाजूला काढायचो. दोष कुठे आहे, केवढा आहे, पुन्हा तपासल्यावर त्याच जागी सापडतो का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय मी फुली मारत नसे. कामगार मला मागून खडूस म्हणायचे. मला ते आवडायचं.

निवृत्त झालो तेव्हा मुलीने प्रोजेक्टर दिला. ती मुलुंडला असते, दोघं नवराबायको कमावतात. सोबत तिचा जुना लॅपटॉपही दिला. "बाबा, आता दिवसभर आईच्या डोक्यावर बसू नका. पिक्चर बघा," म्हणाली. आमचं चारकोपचं घर लहान, पण बाहेरच्या खोलीची एक भिंत सलग होती. तिच्यावर कॅलेंडर, घड्याळ आणि बायकोच्या हातचं भरतकाम केलेला एक मोर होता. मी सगळं उतरवलं आणि भिंतीला पांढराशुभ्र रंग लावून घेतला. मोर पलंगाखाली गेला. "त्याला दुसरीकडे लावू," असं मी म्हणालो होतो. तो कुठेच लागला नाही.

मला त्या यंत्राचं वेड का लागलं, तेही सांगतो. सबब म्हणून सांगत नाही. वडील गिरणीत होते. आमच्या चाळीच्या गल्लीत गणपतीत चादर बांधून सिनेमा दाखवायचे. पुढची जागा मोठ्या पोरांची. आम्ही चादरीच्या मागच्या बाजूला बसायचो, त्यामुळे लहानपणीचे सगळे सिनेमे मी उलटे पाहिले. नायक डाव्या हाताने जेवायचा. आता साठीत माझ्या स्वतःच्या घरात माझं स्वतःचं यंत्र होतं आणि ते कुठून बघायचं हे मी ठरवणार होतो.

मी ते ठरवलंही. दर रविवारी दुपारी तीन वाजता खेळ. खिडक्यांना काळं कापड, दारावर घोंगडी. सोसायटीतले पाच-सहा निवृत्त लोक यायचे. कधी क्रिकेट, कधी जुनं नाटक, कधी इंटरनेटवरून काहीतरी. कुणी कुठे बसायचं ते मी सांगायचो. मधली खुर्ची माझी, शेजारी लॅपटॉपचं स्टूल. मध्येच कुणी बोललं तर मी चित्र थांबवून त्याच्याकडे बघायचो. वरच्या मजल्यावरचा एक जण होता, बँकेतून निवृत्त, तो म्हणायचा, "अरे, तुझ्या थेटरात शिंकायला पण परवानगी लागते, यार." सगळे हसायचे. मीही हसायचो. मला वाटायचं ही स्तुती आहे.

बायकोची जागा स्वयंपाकघराच्या दाराशी, एका वेताच्या मोड्यावर. तिथून उठून चहा टाकायला बरं पडायचं. तिथून चित्र तिरकं दिसायचं, पण तिने कधी तक्रार केली नाही. तिला मॅच कळत नसे. एकाच गोष्टीसाठी ती स्वतःहून म्हणायची, "माझा लावा ना." तिचं माहेर मालवणजवळचं. तिथल्या जत्रेचं चित्रण कुणीतरी इंटरनेटवर टाकलं होतं, वीस-बावीस मिनिटांचं. पालखी, ढोल, आणि शेवटी गर्दीत दीपमाळेशी उभा असलेला तिचा मोठा भाऊ. भाऊ त्यानंतरच्या वर्षी वारला. ती ते चित्रण बघायची आणि तो दिसला की नुसतं म्हणायची, "हा बघा."

तर पहिला रविवार. सगळे गेल्यावर तिने जत्रा लावायला सांगितली. मी लावली. दीपमाळ आली, भाऊ आला आणि गेला. ती काही बोलली नाही.

"झोपलीस काय गं? भाऊ गेला तुझा."

"कुठे होता?"

मी मागे नेलं. भिंतीवर उजव्या बाजूला खाली तो स्पष्ट दिसत होता. मी चित्र तिथेच थांबवलं. "हा काय. समोर उभाय."

ती डोळे बारीक करून बघत राहिली. "अहो, थंय खाली काळा कायतरी दिसता," म्हणाली. घाबरली की ती मालवणीत जायची. मला हे लग्नापासून माहीत होतं.

मी भिंतीकडे पाहिलं नाही. मी वर छताला टांगलेल्या यंत्राकडे पाहिलं. प्रोजेक्टरच्या आत धूळ गेली की चित्रात करडा डाग दिसतो, हे मी वाचलं होतं आणि तेव्हापासून त्याची मला धास्ती होती. मी शिडी आणली, रबरी फुग्याने भिंगावर हवा मारली, मऊ कापडाने ते पुसलं. अर्धा तास गेला. खाली उतरलो तेव्हा ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. "आता बघ," मी म्हणालो. ती म्हणाली, "उद्या बघते." मी चिडलो. एवढं करून माणूस बघायलाही येत नाही!

मंगळवारी तिने दुसऱ्यांदा सांगितलं. दुपारी मी एक नाटक लावलं होतं. ती मोड्यावरून म्हणाली, "डाग अजून आहे हो. मोठा झालाय जरा."

मग मी माझ्या पद्धतीने तपासणी घेतली. लॅपटॉपवर पूर्ण पांढरं चित्र लावलं. भिंत ट्यूबसारखी उजळली. तिच्या हातात शिसपेन्सिल दिली आणि म्हणालो, "जा, जिथे काळं दिसतं तिथे फुली मार."

ती भिंतीशी गेली, वाकली आणि उजवीकडे खाली एक छोटी फुली मारली. मागे आली. तिने पुन्हा पाहिलं.

"नाही. आता तिथे नाहीये. वर आहे."

"डाग वर कसा जाईल? नीट बघून मार."

तिने दुसरी फुली मारली, पहिलीपासून हातभर वर. मग पुन्हा मागे आली, मान हलवली, आणि तिसरी मारली ती आणखी भलतीकडे, दाराच्या चौकटीजवळ. ती फुली तिरकी आहे.

"मी बघते तिथे तो येतो," ती म्हणाली. "माका दिसता तां सांगतंय."

मी बघते तिथे तो येतो. यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगणार? आज एखाद्या सातवीच्या मुलीला विचारलं तरी ती म्हणेल की आजी, मग डाग तुझ्या डोळ्यात आहे. पण मी पस्तीस वर्षांचा तपासनीस होतो. जो दोष पुन्हा तपासल्यावर त्याच जागी सापडत नाही तो दोष नव्हे, तक्रार रद्द, हा माझा नियम होता. मला भिंतीवर डाग दिसत नव्हता. तिच्या तीन फुल्या तीन जागी होत्या. मी म्हणालो, "तुझा डाग फिरायला निघालाय. चहा टाक."

तरी मनात शंका होतीच, पण ती यंत्राबद्दल होती. गुरुवारी मी प्रोजेक्टर खाली उतरवला, जुन्या शालीत गुंडाळला आणि रिक्षाने चारकोपच्याच औद्योगिक वसाहतीत नेला. तिथे एका गाळ्यात अशी यंत्रं दुरुस्त करणारा मध्यमवयीन माणूस बसायचा. त्याने सगळं उघडलं, दिवा लावून भिंग तपासलं, पांढऱ्या पत्र्यावर चित्र पाडून पाहिलं. मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो.

"काका, मशीन झकास आहे. एक कण नाही आत. तुम्ही काय रोज आंघोळ घालता काय त्याला?"

"डाग दिसतो."

"तुम्हाला दिसतो?"

"मला नाही. घरी मिसेसना."

त्याने स्क्रू लावता लावता मान वर केली. "मग मशीन कशाला आणलंत? त्यांना न्या ना डोळेवाल्याकडे. माझ्या सासऱ्यांना असंच व्हायचं."

हे वाक्य मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. एका अनोळखी माणसाने मला गुरुवारी दुपारी, वेळ असताना, जे करायचं ते सरळ सांगितलं होतं. वसाहतीच्या गेटपासून डोळ्यांचा दवाखाना चालत दहा मिनिटांवर होता. तिला फोन करून बोलावून घेतलं असतं तरी झालं असतं. मी रिक्षात बसलो, प्रोजेक्टर मांडीवर घेतला आणि घरी आलो. रस्ताभर मला एकाच गोष्टीचा राग येत होता, की या बाईने माझ्या यंत्राला उगाच दोष दिला आणि मला त्या माणसासमोर खजील केलं.

घरी तिने विचारलं, "काय म्हणाला?"

मी म्हणालो, "थोडी धूळ होती. काढली."

हे खोटं मी का बोललो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझं यंत्र निर्दोष निघालं हे सांगायला मला आनंदच व्हायला हवा होता. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न तिच्या डोळ्याचा आला असता, आणि डोळ्याचं काही निघालं असतं तर रविवार गेला असता. त्या रविवारी मोठी मॅच होती. मी खाली सूचनाफलकावर चिठ्ठी लावली होती. शेजारच्या इमारतीतलेही लोक येणार होते. एवढंच कारण होतं. याहून मोठं काही कारण सापडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

यंत्र पुन्हा टांगलं. संध्याकाळी तिने मोड्यावर बसून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आहे अजून." तिसरी वेळ.

"आता मशीन साफ आहे," मी म्हणालो. "आता डाग तुझ्या मनात आहे. तुला हे घरात नकोच होतं पहिल्यापासून. मोर काढला म्हणून राग आहे तुझा."

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मोराचं मी काही बोलले का कधी?"

नव्हती बोलली.

शुक्रवारी सकाळी मी पेपर वाचत होतो. ती भाजी चिरायची थांबून माझ्यासमोर उभी राहिली. खिडक्या उघड्या होत्या, खोलीत भरपूर ऊन होतं, प्रोजेक्टर बंद होता. "अहो, आता दिवसापण दिसतंय. या बाजूने काळं वर चढतंय. मध्येच वीज चमकल्यासारखं होतं. डॉक्टरकडे जाऊ या का?"

चौथी वेळ. इथे कसलाही गैरसमज नव्हता. ती डॉक्टर हा शब्द बोलली होती.

मी पेपर खाली ठेवला नाही. "सोमवारी जाऊ," म्हणालो. "रविवारी एवढी माणसं यायची आहेत. तोवर जरा डोळे मिटून पडत जा."

ती बरं म्हणाली आणि आत गेली. त्रेचाळीस वर्षांत तिने जेवढ्या वेळा बरं म्हटलं, त्यातलं हे एक मला अजून ऐकू येतं. ती एकटी का नाही गेली, असं कुणी विचारेल. मीही स्वतःला बचाव म्हणून हा प्रश्न विचारून पाहिला आहे. आमच्या घरात डॉक्टरकडे कधी जायचं ते मी ठरवायचो. मुलीचा ताप, बायकोची पाठ, माझा दात, सगळ्याचं मीच ठरवायचो. तिला एकटीने जायची सवय मीच लागू दिली नव्हती.

रविवारी चौदा माणसं आली. जागा नव्हती म्हणून तिचा मोडाही कुणीतरी घेतला. ती स्वयंपाकघरात उभी होती. मध्यंतरात ती चहाचा ट्रे घेऊन आली आणि उजवीकडे बसलेल्या बँकवाल्याच्या गुडघ्याला ट्रे लागला. दोन कप त्याच्या पॅंटवर.

"अगं, लक्ष कुठाय तुझं?" मी ओरडलो.

"असू दे, असू दे," तो म्हणाला. "वहिनी, चहा प्यायला मागितला होता, अंघोळीला नाही!"

लोक हसले. आणि मी, सगळ्यांचं लक्ष आहे हे बघून, भिंतीवरच्या फुल्या दाखवल्या. "हिला डाग दिसतो. फिरता डाग. आज इथे, उद्या तिथे. बघा, हिने नकाशा काढून ठेवलाय."

"वाट लागली," दुसरा एक जण म्हणाला. "वहिनी, डागाला सांगा, मॅच संपेपर्यंत एका जागी बस म्हणावं. इथे सगळे बसलेत ना!"

पुन्हा हशा. ती खाली बसून कपाचे तुकडे गोळा करत होती. तुकडे तिला हाताने चाचपून शोधावे लागत होते. ते मी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं असेल, पण तिचा नवरा मी होतो. मग दिवा बंद केला आणि खेळ पुढे सुरू केला.

सोमवारी सकाळी तिने उजव्या डोळ्याने मला पाहिलं तेव्हा माझं फक्त कपाळ दिसत होतं, असं ती रिक्षात म्हणाली. आम्ही मुलीला फोन केला, ती मुलुंडहून परस्पर हॉस्पिटलात आली. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी तिची हनुवटी यंत्रावर टेकवली, बराच वेळ डोळ्यात प्रकाश टाकून पाहिलं, आणि म्हणाले की डोळ्याच्या आतला पातळ थर जागेवरून सुटला आहे, मधोमधपर्यंत सुटला आहे. आज ऑपरेशन करू, पण नजर किती परत येईल ते सांगता येत नाही.

मग त्यांनी विचारलं, "त्रास कधीपासून होता? काळं कधी दिसायला लागलं?"

प्रश्न तिला होता. उत्तर मी दिलं. "काल-परवापासून असेल. आम्हाला आजच सांगितलं."

तिची हनुवटी अजून त्या यंत्रावर टेकलेली होती.

डॉक्टर म्हणाले, "नाही हो काका, हे आठवड्याभराचं तरी आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात तर बरीच आशा होती. काकू, सांगायचं ना घरच्यांना."

बाहेरच्या बाकावर मुलगी रडत तिच्यावर ओरडली. "आई, तू ना, कायम असंच करतेस! सगळं अंगावर काढायचं. बाबा घरातच असतात ना? त्यांना एक शब्द सांगायला काय झालं होतं तुला?"

मी दोघींच्या समोर उभा होतो. हातात तिची पिशवी होती. तेव्हा बोललो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं. मुलगी माझ्यावर ओरडली असती, वर्षभर बोलली नसती कदाचित. तेवढंच.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग मुलीचा हात हातात घेऊन म्हणाली, "चुकलं माझं. नको रडू."

जे मला नऊ वर्षांत जमलं नाही ते तिने एका क्षणात केलं, आणि तेही माझ्या वतीने.

ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याने तिला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. उजव्या दंडावर नेहमी एखादा काळानिळा डाग असायचा, दाराच्या चौकटी लागून. चहा ओतताना ती आधी डाव्या हाताच्या बोटाने कपाची कड चाचपायची. सोसायटीतल्या बायका भेटायला यायच्या आणि जाताना तिला समजावून जायच्या की बाईने दुखणं लपवू नये. ती हो म्हणायची. दोन महिन्यांनी मी रविवारचे खेळ पुन्हा सुरू केले. हेही लिहायलाच हवं. चहा तीच करायची.

सगळ्यात वाईट पुढे झालं. नातीला ताप आला आणि तिने शाळा बुडू नये म्हणून तो सांगितला नाही, तेव्हा मुलगी तिला म्हणाली, "आजीसारखं करू नकोस." मग ते घरात रूढच झालं. जावयाने दाढदुखी लपवली, आजीसारखं करू नका. गाडीतून आवाज येतोय आणि कुणी सांगत नाही, आजीसारखं करू नका. मुलगी हे प्रेमानेच म्हणायची आणि बायकोही हसायची. मी समोर पोहे खात असायचो. दर वेळी तिच्या नावावर माझा गुन्हा नव्याने लिहिला जायचा आणि मी पोह्यांवर लिंबू पिळायचो.

तिच्यापाशी बोलायचा प्रयत्न मी केला, दोनदा. एकदा म्हणालो, "त्या वेळी मी..." ती म्हणाली, "दूध बघा, वर येतंय." दूध खरंच वर येत होतं. मी गॅस बंद केला आणि तेवढ्यावर सुटलो. दुसऱ्यांदा ती झोपलेली होती. झोपलेल्या माणसाशी बोलणं मी प्रयत्नात धरतो, यावरून काय ते समजावं.

मग लग्नाला चाळीस वर्षं झाली तेव्हा मी ठरवलं की तोंडाने जमत नाही ते यंत्राने करायचं. जुने फोटो दुकानातून स्कॅन करून आणले, लॅपटॉपवर एकापुढे एक लावले. शेवटच्या फोटोनंतर एक पांढरं पान केलं आणि त्यावर चार ओळी टाइप केल्या. अक्षरं मोठी घेतली, तिच्या डाव्या डोळ्यालाही तेव्हा कमी दिसायला लागलं होतं. मराठी टाइप करायला मला दोन दिवस लागले. मुलीसमोर, जावयासमोर, नातीसमोर ते पान भिंतीवर उमटेल, मग मला बोलावं लागणार नाही, असा विचार होता.

रविवारीच, दुपारी तीनला. या वेळी मी तिला मधल्या खुर्चीत बसवलं. ती नको म्हणत होती. "इथून किती मोठं दिसतं," म्हणाली. इतक्या वर्षांत ती त्या खुर्चीत पहिल्यांदा बसली होती.

लग्नाचे फोटो झाले, मुलीचं बारसं झालं, चारकोपच्या घराची पूजा झाली. प्रत्येक फोटोला ती काहीतरी सांगत होती, ही साडी कुणी दिली, हा माणूस कोण. शेवटून दुसरा फोटो ऑपरेशननंतरचा होता, काळा चष्मा लावून ती गॅलरीत बसलेली. तो मीच मुद्दाम तिथे ठेवला होता. ते पान त्याच्या जवळच यावं म्हणून.

"बघ आई," मुलगी म्हणाली. "तेव्हा वेळेवर सांगितलं असतंस तर..."

"आजीसारखं करू नकोस!" नात ओरडली. सगळे हसले. तीही हसली, तोंडावर पदर धरून.

आमचा पाचही जणांचा शेवटचा फोटो आला. मी लॅपटॉपचं बटण दाबलं. भिंत पांढरी झाली. अक्षरं त्या पानावर हळूहळू उमटावीत अशी सोय मी हौसेने करून ठेवली होती. दोन-तीन सेकंद नुसती पांढरी भिंत होती. त्या उजेडात उजवीकडच्या तिन्ही फुल्या मला दिसल्या, पेन्सिलीच्या, पुसट. मुलगी टाळ्या वाजवत होती. पहिलं अक्षर उमटायच्या आत मी लॅपटॉप मिटला आणि उठून ट्यूब लावली.

"संपलं?" बायकोने विचारलं.

"संपलं."

"शेवटी अजून काहीतरी होतं ना? पांढरं आलं होतं."

मी म्हणालो, "काही नव्हतं. धूळ असेल."

तिने मान वळवून डाव्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

त्यानंतर ती तीन वर्षं होती. गेल्या वर्षी हृदयविकाराने गेली, पटकन, सांगायला वेळच मिळाला नाही. चार दिवसांनी मुलगी पाहुण्यांना म्हणत होती की आईची सवयच होती, शेवटपर्यंत काही बोलली नाही. मी उठून पाणी प्यायला गेलो.

दिवाळीत घराला रंग दिला. ती एक भिंत मी रंगवू दिली नाही. रंगारी म्हणाला, "काका, पेन्सिलीचे डाग आहेत इथे." मी म्हणालो, राहू दे. मोर पलंगाखालून काढून पाहिला, कसर लागून तो अर्धा गेला आहे.

आता मुलगी हे वाचेल. ती माझ्याशी बोलणं टाकेल तर टाकू दे, तो तिचा हक्क आहे. पण यापुढे आमच्या घरात कुणी कुणाला आजीसारखं करू नकोस म्हणू नये. आजीने सांगितलं होतं.

ते पान लॅपटॉपमध्ये अजून आहे. त्यावर एवढंच लिहिलेलं आहे:

तू मला सांगितलं होतंस.
मी ऐकलं नाही.
आणि तू सांगितलंच नाहीस असं मी सगळ्यांना सांगितलं.
माझं चुकलं. मला माफ कर.